ट्रिगर दाबला आणि नुसतं 'टक' झालं : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच गोष्टीवर आहेत, रायफलचा ट्रिगर ओढल्यावर पिन पडते, आवाज येतो, पण काडतूस फुटत नाही. म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिलाय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांब झालंय पण ते सगळ्यांनी वाचा, कारण पुढच्या उत्तरांत तेच परत परत लिहिलेलं नाही.

प्रश्न : नमस्कार साहेब. मी मोहोळ तालुक्यातला शेतकरी. वडील गेल्यावर त्यांची .३१५ ची बोल्ट रायफल रीतसर वारसाने माझ्या लायसन्सवर आली. २०२४ मध्ये आधी लोकसभेला आणि मग विधानसभेला अशी दोनदा ठाण्यात जमा करावी लागली, तर पडून पडून गंज चढू नये म्हणून मी जमा करायच्या आधी नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टमध्ये घरचं खोबरेल भरपूर सोडलं होतं. परत मिळाल्यावर डिसेंबरात सकाळी रेंजवर नेली तर काडतुसं नुसती टक टक, काडतुसाच्या बुडातली टोपी, जी मार लागून पेटते, तिच्यावर बारीकसा खड्डा पडतोय पण फुटत नाही. गंमत म्हणजे दुपारी ऊन तापल्यावर त्याच पाकिटातली काडतुसं फुटली. एक जण म्हणतोय स्प्रिंग बसली, दुसरा म्हणतोय पिन थोडी लांब करून घे. काय करू?

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातच तुमचं उत्तर आहे. सकाळी फुटत नाही आणि दुपारी फुटतंय, म्हणजे स्प्रिंग तीच, पिन तीच, काडतुसं तीच, बदललं काय तर फक्त तापमान. खोबरेल साधारण २४ अंशाच्या खाली गेलं की थिजायला लागतं हे आपल्याला बाथरूममधल्या बाटलीवरून माहितीच आहे, आणि सोलापूरकडं उन्हाळा कितीही भाजणारा असला तरी डिसेंबर-जानेवारीची पहाट १५-१६ अंशांवर येतेच की. तुमच्या बोल्टच्या पोटात त्या वेळी तेल नव्हतंच, पांढरा गोळा होता.

पण त्या आधी एक महत्त्वाचं, आणि हे मी दर वेळी लिहिणार. टक झाल्यावर हात लगेच बोल्टकडं जाऊ द्यायचा नाही. कधी कधी टोपी पेटते पण बार उशिरा उडतो, त्याला हँगफायर म्हणतात, आणि तेवढ्यात तुम्ही बोल्ट उघडलेला असला तर पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी आवरण, बोल्टशिवाय मोकळी फुटते, पितळेचे तुकडे थेट तोंडावर. म्हणून नळी निशाणाच्या दिशेलाच ठेवायची, निदान ३० सेकंद, मी तर म्हणतो पूर्ण मिनीटभर थांबा, मग तोंड बाजूला ठेवून बोल्ट उघडा. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि एखाद्या वेळी टक ऐवजी नेहमीपेक्षा बारका 'फुस्' असा आवाज आला आणि धक्का जाणवलाच नाही तर दुसरं काडतूस भरायचं नाही, गोळी नळीत अडकलेली असू शकते, बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतोय का ते बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही.

आता बोल्टच्या आत काय होतं ते समजून घ्या, म्हणजे मित्रांचे सल्ले कुठं चुकतायत ते तुमचं तुम्हालाच कळेल. आपल्याकडची .३१५ म्हणजे ईशापूरच्या फॅक्टरीची, ली-एनफिल्डच्या घराण्यातली रायफल. तिच्यात पिन, म्हणजे स्ट्रायकर, बोल्टच्या पोकळीतून पुढं-मागं सरकतो, त्याच्यावर एक कॉलर असते आणि त्या कॉलरला मागून स्प्रिंग रेटते. बोल्ट पुढं ढकलून बंद करताना स्प्रिंग दाबली जाते, यालाच रायफल कॉक होणं म्हणतात, म्हणून या रायफलीला बंद करताना शेवटी जोर लागतो, माउझर ९८ सारख्या रायफलीत तोच जोर उघडताना लागतो. ट्रिगर ओढला की स्ट्रायकर सुटतो आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागात टोपीवर आदळतो. एवढ्या कमी वेळात कॉलर आणि बोल्टची भिंत यांच्यामधल्या बारीक फटीतून आतलं तेल बाजूला व्हायला पाहिजे. पातळ तेलाचा पापुद्रा असला तर काहीच अडत नाही. पण थंडीत थिजलेल्या तुपात पळी फिरवून बघा, हाताला जो अडसर लागतो तोच स्ट्रायकरला लागतो, वेग मारला जातो, आणि वेग निम्मा झाला की माराची ताकद चौथाईवर येते. म्हणून खड्डा पडतो पण उथळ पडतो.

आणि फक्त खोबरेलच नाही बरं का. आपल्याकडं घरात करडईचं तेल असतं, जवसाचं असतं, कुणी शेंगतेल लावतं. ही बियांची तेलं हवा लागून हळूहळू चिकट होतात, करडई आणि जवस तर वाळून चक्क वॉर्निशसारखा थर धरतात, जवसाचं तेल रंगात वापरतात ते याच गुणामुळं. खोबरेल निदान उन्हात परत पातळ तरी होतं, पण हा वाळलेला थर दुपारीही हलत नाही. ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं ग्रीस बोल्टच्या आत भरणारे पण आहेत, ते बाहेर बोल्टच्या कानांना, म्हणजे लॉक होणाऱ्या लग्सना, बोटाच्या टोकावर घेऊन पुसट लावलं तर चालतं, आत अजिबात नको. वर आपली काळी माती, तिची धूळ पिठासारखी बारीक, ती या तेलात बसली की लापशी तयार.

तर करायचं काय. आधी मॅगझिन काढा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, रिकामं आहे हे डोळ्यानं बघा आणि करंगळी घालूनही बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. बोल्ट मागं ओढून त्याचं डोकं वर उचललं की तो बाहेर येतो. या रायफलीत बोल्टचं डोकं हातानं फिरवून वेगळं होतं, ते काढा. ते डोकं त्याच रायफलीचं त्याच रायफलीला, भावकीतल्या दुसऱ्या .३१५ च्या डोक्याशी अदलाबदल चुकूनही नको, का ते खाली येतंय. स्ट्रायकर मात्र मागच्या कॉकिंग पीसमध्ये आटे पाडून बसवलेला असतो, त्याला बारीक स्क्रू पण असतो, तो काढायला त्याचं खास हत्यार लागतं. पक्कड लावून, स्क्रूड्रायव्हर अडकवून काढायला जाऊ नका. आणि साफ करायला तो काढायची गरजही नाही.

रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं ते आणा, रॉकेल असलं तर तेही चालतं, पेट्रोल नको, भडका उडतो. एका पसरट डब्यात बोल्ट आणि त्याचं डोकं रात्रभर भिजत ठेवा, लाकडी दस्ता असेल तर त्याला हे थेंबभरही लागू देऊ नका. सकाळी बोल्ट हलवा, उभा धरून आतून निथळू द्या, पहिलं निघेल ते काळंपिवळं निघेल. परत स्वच्छ टर्पेंटाइन घाला, परत निथळा, स्वच्छ निघेपर्यंत हेच. डोक्याच्या पुढच्या बाजूचं पिनचं भोक बारीक लाकडी काडीनं साफ करा, त्याच भोकात टोपीचा पितळी कीस आणि जळकट काजळी साठते. मग कॉम्प्रेसर असला तर हवा मारा, पंक्चरच्या दुकानातली हवा मारायची असेल तर आधी त्यातलं पाणी सोडायला सांगा. उन्हात पूर्ण वाळवा. आणि मग हलकं मशीन ऑइल, शिलाई मशीनचं चालेल, कापडावर दोन थेंब घेऊन स्ट्रायकरच्या दिसणाऱ्या भागावरून नुसतं फिरवा. ओलं दिसलं तर जास्त झालं. डोकं परत बसवताना शेवटपर्यंत आत फिरवा आणि मग बोल्टच्या रिबच्या सरळ रेषेत येईल एवढंच मागं घ्या.

एवढं करून तुमचं दुखणं गेलं पाहिजे. पण समजा सकाळच्या थंडीतही परत टक झालं, तर मग काडतुसाची टोपी वाचायला शिका, पुढचं सगळं तिथं लिहिलेलं असतं. न फुटलेलं काडतूस आणि फुटलेली पुंगळी शेजारी ठेवून बघा. खड्डा मधोमध आहे पण उथळ, तर मारच कमी पडलाय. खड्डा चांगला खोल आहे, फुटलेल्यासारखाच, तरी फुटलं नाही, तर रायफलीचा दोष नाही, काडतूस खराब. खड्डा एका कडेला सरकलाय तर बोल्टचं डोकं किंवा पिनचं टोक बघून घ्यायला पाहिजे.

मार कमी पडायचं आणखी एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे बोल्टचा दांडा पूर्ण खाली न बसणं. दांडा थोडा जरी वर राहिला तरी स्ट्रायकर सुटल्यावर आधी तो दांडा खाली ढकलण्यात आपली ताकद घालवतो आणि उरलेली टोपीला मिळते. टक झाल्यावर थांबण्याच्या त्या मिनिटात दांड्याकडं नुसतं बघा, ट्रिगर ओढायच्या आधीपेक्षा तो खाली गेलेला दिसतोय का. दिसला तर चेंबरमध्ये घाण आहे, किंवा काडतुसाला मार लागलाय, किंवा बंद करताना तुमचा हात हलका पडतोय. ही रायफल बंद करताना जोर मागते, ती दोन बोटांनी बंद करायची नाही, तळव्यानं ढकलून दांडा खाली बसेपर्यंत दाबायची.

तिसरं कारण हेडस्पेसचं, आणि हे घरी बघायचं नाही. .३१५ च्या काडतुसाला मागं बाहेर आलेली रिम असते, ती रिम बोल्टचा चेहरा आणि नळीचं मागचं तोंड यांच्यामध्ये धरली जाते. ती जागा झिजून वाढली असली तर पिन आदळल्यावर काडतूस आधी पुढं सरकतं आणि मग थांबतं, म्हणजे अर्धा मार सरकण्यात गेला. बोल्टच्या डोक्याची अदलाबदल नको म्हटलं ते यासाठी, डोक्याची लांबी हजाराव्या इंचात जरी बदलली तरी ही जागा बदलते. फुटलेल्या पुंगळीला बुडाच्या थोडं वर चकचकीत रिंग दिसायला लागली तर रायफल त्या क्षणी बाजूला ठेवा, पुंगळी तिथून तुटायच्या वाटेवर आहे. गनस्मिथकडं ही जागा तपासायची मापं, म्हणजे गो आणि नो-गो गेज, असतात, तो दोन मिनिटांत सांगतो.

स्प्रिंग आणि पिन मी मुद्दाम शेवटी घेतोय. स्प्रिंग बसते, खरं आहे, जुन्या रायफलीत जास्तच, आणि कायम कॉक करून ठेवायची सवय असली तर अजून. पण बदलायची ती फॅक्टरीच्या मापाचीच. पिन किती बाहेर येते याचं मापही ठरलेलं असतं, या जातीच्या बोल्टला ते साधारण १ ते सव्वा मिलिमीटर. कमी असलं तर मार उथळ, पण तुमच्या मित्रानं सांगितलं तसं लांब करून घेतली आणि ती जास्त बाहेर आली तर टोपी फुटून भोक पडतं आणि आतला गरम गॅस मागं बोल्टमधून तुमच्या डोळ्याकडं येतो. टक होणारी रायफल डुक्कर पळवत नाही एवढंच, टोपी फोडणारी रायफल माणसाचा डोळा घेते.

आणि बरी झाली की टेस्ट शेतात करू नका. हवेत तर नाहीच, .३१५ ची गोळी दोन किलोमीटरच्या पुढं जाऊन कुणाच्या वस्तीवर पडेल सांगता येत नाही. रानडुकरावर बार टाकायचा तरी वनखात्याची परवानगी वेगळी लागते, पीक संरक्षणाचं लायसन्स हातात आहे एवढ्यानं भागत नाही. रेंजवरच न्या, आणि शक्यतो थंडीच्या सकाळीच न्या, कारण दोष तेव्हाच दिसत होता.

प्रश्न : सर, माझी मुलगी सोलापुरात .२२ रायफल शूटिंग करते. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतल्यापासून तिनं एअर रायफल सोडून यातच यायचं ठरवलं. क्लबची बोल्ट रायफल आहे. मध्येच एखादं काडतूस फुटत नाही, तेच बाहेर काढून फिरवून घातलं की फुटतं. कोच म्हणतात काडतुसं हलकी, आर्मरर म्हणतो रायफल घाण. खरं काय?

उत्तर : ताई, दोघंही बरोबर असू शकतात, आणि कोण किती बरोबर ते शोधता येतं. .२२ ला वेगळी टोपी नसतेच. पेटणारा मसाला रिमच्या आतल्या पोकळ कडेत गोल भरलेला असतो आणि पिन ती कड चेंबरच्या काठावर चेपते, तेव्हा तो पेटतो. चेपायला पुढून त्या काठाचा आधार पाहिजे. आता मॅचच्या काडतुसांना मेणाचं वंगण असतं, ते मेण, शिसं आणि जळकट काजळी मिळून चेंबरच्या तोंडाशी कडक कडं तयार होतं. त्या कड्यामुळं काडतूस केसभर बाहेर राहतं, पहिला मार त्याला आत ढकलण्यात जातो आणि दुसऱ्या मारानं ते फुटतं.

तर न फुटलेलं काडतूस मिनीटभर थांबून, रेंज ऑफिसरला हात करून, बाहेर काढायचं आणि रिमवरचा ठसा बघायचा. ठसा पुसट असेल तर चेंबर, बोल्टच्या चेहऱ्यावरचा खळगा आणि पिनचं टोक हे सगळं साफ करायला सांगा, बोल्टच्या आतलं तेल वरच्या उत्तरासारखंच. चेंबरला ब्राँझचा ब्रश मागच्या बाजूनं घालायचा, पुढून नाही, नळीचं तोंड खराब झालं तर नेम गेला. ठसा खणखणीत असेल आणि फिरवून दुसऱ्या जागी मारल्यावर फुटत असेल तर त्या जागी रिममध्ये मसाला पोचलाच नव्हता, हा काडतुसाचाच दोष, मग पाकिटावरचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि दुसरा लॉट मागा. फिरवून मारण्याची परीक्षा एकदाच आणि कोचसमोरच, पुन्हा पुन्हा नाही.

अजून एक विचारा, सराव करताना रायफल रिकामी चालवतात का. कोरा ट्रिगर ओढायचा सराव चांगलाच, पण .२२ मध्ये आत काडतूस नसताना काही रायफलींची पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथं खाच पडते. खाच पडली की त्या जागी रिमला आधार मिळत नाही आणि मग काडतुसं कितीही भारीतली आणा, टक होतच राहणार. चेंबरच्या काठावर टॉर्च मारून बघायला सांगा. खाच दिसली तर ती गनस्मिथकडं दुरुस्त होते. आणि कोऱ्या सरावाला तिच्या जुन्या एअर रायफलीचा ड्राय फायरचा खटका असेल तर तोच वापरू दे, मुलीचा सराव बुडायला नको.

तिला आमच्याकडून शुभेच्छा सांगा. सामन्यात टक झालं तरी घाबरायचं नाही, रायफल तशीच धरून हात वर करायचा, हे तिच्या अंगवळणी पडू दे.

प्रश्न : आमच्याकडं पॉवरलूम आहेत. लूमच्या एका स्प्रिंगची जाडी रायफलीच्या स्प्रिंगएवढीच आहे, जास्त कडकही आहे. ती कापून घातली तर टक होणं बंद होईल ना? लेथवाला ओळखीचाच आहे.

उत्तर : नाही, घालू नका. सोलापूरच्या फिटरच्या हाताला तोड नाही हे मी मनापासून मानतो, पण हा प्रश्न हाताचा नाही. कापलेल्या स्प्रिंगची टोकं सपाट बसत नाहीत, ती स्ट्रायकरला तिरकी रेटते, मग तो बोल्टच्या भिंतीला घासतो आणि मार उलट कमी होतो. कडक स्प्रिंगचे वेढे पूर्ण दाबल्यावर एकमेकांना टेकले तर बोल्ट पूर्ण कॉकच होत नाही. आणि अर्धवट कॉक झालेला स्ट्रायकर सिअरच्या, म्हणजे त्याला अडवून धरणाऱ्या खटक्याच्या, काठावर जेमतेम अडकलेला असतो, बोल्ट आपटला तरी सुटू शकतो, ट्रिगरला बोट नसताना. हे सगळं तुमच्या घरात, पोराबाळांत.

कायद्याचंही ऐका. १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही लायसन्स लागतं. लेथवाल्या मित्राला तुम्ही मैत्रीत गुन्ह्यात ओढताय. साफसफाई तुमची, सुटे भाग बदलणं लायसन्स असलेल्या गनस्मिथचं. तुमच्या आर्म्स डीलरला सांगून फॅक्टरीची स्प्रिंग मागवा. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या, ईशापूरची रायफल फॅक्टरी आता ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाखाली येते, मागणी त्या नावानं जाते एवढाच फरक. वेळ लागला तर लागू द्या.

प्रश्न : आजोबांच्या डब्यात जुनी काडतुसं सापडली, लायसन्सवर नोंद आहे. काही टक करतात. तेल लावून पुसून वापरू का? नाहीतर विहिरीत टाकू?

उत्तर : दोन्ही नको. काडतुसाला तेल लावलं की ते टोपीच्या कडेनं आत झिरपतं आणि आतला मसाला मारतं, गंज घालवायचे स्प्रे तर अजूनच आत शिरतात. म्हणजे जे फुटणार होतं तेही फुटणार नाही. शिवाय तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा जोर बोल्टवर येतो. काडतूस कोरडंच पाहिजे, कोरड्या फडक्यानं पुसायचं बास. हिरवा गंज चढलेली, चेपलेली, टोपी वर आलेली बाजूला काढा. पत्र्याच्या खोलीत वर्षानुवर्षं उन्हाळे काढलेली काडतुसं दिसायला चांगली असली तरी त्यांच्यावर माझा भरवसा नाही, रायफलीचा दोष शोधताना तर ती वापरूच नका, नवं सीलबंद पाकीट घ्या, नाहीतर काडतुसाचं दुखणं रायफलीच्या माथी बसेल.

विहिरीत, ओढ्यात, चुलीत, उकिरड्यावर काहीही टाकायचं नाही. हातोडीनं फोडून दारू काढायचा प्रयत्न तर कुणीच करू नये. डीलरला किंवा ठाण्यात आधी फोन करून विचारा, मग लायसन्स बरोबर घेऊन तिथं जमा करा, लेखी पोच घ्या आणि तुमच्याकडच्या काडतुसांचा आकडा त्याप्रमाणं नोंदवून घ्या. शहरात राहत असाल तर लायसन्सचं काम पोलीस आयुक्तालयात, तालुक्यात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात.